तास योगाचा, वय पंधराचं

मैसूरहून कोळ्ळेगालच्या वाटेला लागलं की तीसेक किलोमीटरवर टी. नरसीपूर येतं. ‘टी.’ म्हणजे तिरुमकुडलु. कावेरी आणि कपिला इथे एकमेकींना मिळतात आणि स्फटिक सरोवर नावाचा तिसरा प्रवाह गुप्तपणे येतो, अशी श्रद्धा आहे. म्हणजे प्रयागच्या सरस्वतीसारखंच. संगमावर अगस्त्येश्वराचं आणि गुंजा नरसिंहस्वामींचं देऊळ आहे. १९८९ पासून साधारण दर तीन वर्षांनी दक्षिणेतला कुंभमेळा इथे भरतो. सोमनाथपूरचं होयसळ देऊळ आणि वाळूखाली गेलेलं तळकाडही याच तालुक्यात.

देवळं पाहून पर्यटक परत फिरतात. गावात मागे उरतो तो नेहमीचा दिवस: शाळेची घंटा, सायकली, शिकवण्या. दहावीला इथे एसएसएलसी म्हणतात, पण पोटातला गोळा सांगोल्याच्या किंवा अमळनेरच्या पोराच्या पोटात येतो तसलाच. एनसीईआरटीने २०२२ च्या सुरुवातीला देशभरातल्या सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांना त्यांच्या मनाबद्दल विचारलं, तेव्हा ८१ टक्के मुलांनी काळजीचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांकडे बोट दाखवलं. त्याआधी, २०१५-१६ मध्ये बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ या वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं होतं. वर्गात चाळीस मुलं धरली तर त्यातली तीन.

या मुलांसाठी शाळेत योग आणि ध्यान आणावं असं आज सगळेच म्हणतात. म्हणताना सूर असा असतो, की ऋषिमुनींच्या गुहेतली वस्तू आपण पहिल्यांदाच वर्गात आणतो आहोत. प्रत्यक्षात जगभर आज जो योग केला जातो त्याचा बराच भाग घडला तो मुलांच्याच वर्गात, आणि तोही टी. नरसीपुरापासून तासाभराच्या वाटेवर.

राजवाड्यातली पोरं

१९३३ मध्ये मैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वडियार यांनी जगनमोहन राजवाड्यात योगशाळा काढून दिली आणि ती तिरुमलै कृष्णमाचार्यांच्या हाती सोपवली. समोर विद्यार्थी कोण? राजघराण्याच्या नात्यागोत्यातली अरसू मुलं. दहा-पंधरा वर्षांची, अंगात रग असलेली, एका जागी न बसणारी. अशा मुलांना तासभर पद्मासनात बसवणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. श्वासाच्या तालावर एका आसनातून दुसऱ्यात सलग नेणारी कृष्णमाचार्यांची जोमदार पद्धत या वयाला साजेशी होती. पुढे पट्टाभि जोइस यांनी ती ‘अष्टांग विन्यास’ म्हणून जगभर नेली. आज मैसूरच्या गोकुलम भागात ती शिकायला परदेशी लोक येऊन राहतात. पोरांच्या अंगातली रग जिरवणारी रीत आता न्यूयॉर्कचे चाळिशीतले लोक घाम गाळत करतात, याची गंमत वाटते.

या योगशाळेचा एक धागा थेट लोणावळ्याला पोचतो. १९३४ मध्ये महाराजांनी कृष्णमाचार्यांना तिथे योगावर प्रयोग करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांचं काम पाहायला पाठवलं. घरी पत्नीला सोबत हवी म्हणून कृष्णमाचार्यांनी तिच्या धाकट्या भावाला मैसूरला बोलावून घेतलं. वय पंधरा. मलेरिया, विषमज्वर आणि क्षय यांनी पोखरलेला, हडकुळा मुलगा. योगात याचं काही व्हायचं नाही, असंच गुरूंचंही मत होतं. हा मुलगा म्हणजे बी. के. एस. अय्यंगार.

तीन वर्षांनी, १९३७ मध्ये, हाच मुलगा सहा महिन्यांच्या बोलीवर पुण्यात डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आला. वय अठरा, मराठीचा गंध नाही, आणि समोर त्याच्याहून थोराड, व्यायाम कमावलेले कॉलेजकुमार. सहा महिन्यांचं आयुष्यभर झालं. १९६६ साली त्यांचं ‘लाइट ऑन योगा’ आलं, १९७५ मध्ये पुण्यातली संस्था उभी राहिली. शाळेतल्या योगाबद्दल बोलताना हा पंधरा वर्षांचा अशक्त मुलगा मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण आजही योगाच्या तासाला पुढे उभं केलं जातं ते ज्याचं अंग रबरासारखं वळतं त्या मुलाला. ज्याला खरी गरज, तो मागच्या ओळीत, पायाच्या अंगठ्यापर्यंत हात पोचत नाहीत म्हणून शरमलेला.

औंध, अमळनेर, लोणावळा

महाराष्ट्रातही ही गोष्ट शाळेतच घडली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांतल्या मुलामुलींकडून घालून घेत. १९२८ साली त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. मैसूरच्या राजवाड्यात सूर्यनमस्काराचा वर्ग योगशाळेहून वेगळा भरे. नमस्कार हा तेव्हा व्यायाम मानला जाई. आज जगातल्या कितीतरी योगवर्गांची सुरुवात त्यानेच होते.

कुवलयानंद म्हणजे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याला प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले आणि अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले शिक्षक. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापलं आणि आसन-प्राणायामाने शरीरात काय घडतं हे यंत्रांनी मोजायला घेतलं. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षण समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, आणि शाळेत एकाच वेळी शेकडो मुलांना करता येईल असा ‘यौगिक संघव्यायाम’ त्यांनी आखला.

संघव्यायामाने योग शाळेत आला, मात्र येताना कवायतीची शिट्टीही बरोबर घेऊन आला. ‘एक, दोन, तीन, चार’च्या तालावर हात वर, हात खाली. तेव्हा ती गरज होती. आजच्या पोरांची अडचण निराळी आहे. त्यांच्यावर दिवसभर कुणी ना कुणी शिट्टी वाजवतच असतं.

दहा मिनिटं श्वासाची

मनाच्या बाजूने शाळेत शिरलेला प्रयोग महाराष्ट्राला परिचित आहे. इगतपुरीच्या विपश्यना परंपरेतलं आनापान शिक्षण विभागाच्या सहकार्याने ‘मित्र उपक्रम’ या नावाने शाळांत गेलं. आत येणारा आणि बाहेर जाणारा नैसर्गिक श्वास नाकपुडीशी नुसता पाहत राहायचा. मंत्र नाही, मूर्ती नाही, श्वास लांबवायचाही नाही. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. ज्याला इंग्रजी शाळांत ‘माइंडफुलनेस’ म्हणतात आणि जो शब्द १९७९ नंतर अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांच्या रुग्णालयातल्या वर्गांमुळे रूढ झाला, त्याचं हे घरचं भावंड.

याने होतं काय? श्वास बाहेर सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, आत घेताना वाढते. उच्छ्वास सावकाश झाला की शरीराला ‘धोका टळला’ असा निरोप जातो. योगात प्राणायामाने तो जाणूनबुजून लांबवतात. आनापानात नुसतं पाहत राहिल्यावर तो पुष्कळदा आपोआप संथ होतो. मन भटकलं, भटकल्याचं लक्षात आलं, परत आणलं: खरा व्यायाम हा. या वयात भावना उसळवणारी यंत्रणा जोरात असते आणि तिला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो. झोपेचं घड्याळही उशिरा सरकतं. त्यामुळे शवासनात कुणी घोरायला लागलं तर रागावू नये; त्याला झोपेचीच गरज होती.

फसतं कुठे

आता दुसरी बाजू. ब्रिटनमध्ये ‘मिरियाड’ नावाचा मोठा प्रयोग झाला. ८५ शाळा आणि ८ हजारांवर मुलं. निम्म्या शाळांत शिक्षकांनी माइंडफुलनेसचे तास घेतले, उरलेल्यांत नेहमीचं भावनिक शिक्षण चालू राहिलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आले: दोन्ही गटांतल्या मुलांच्या मानसिक आरोग्यात फरक दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. आणखी एक गोष्ट दिसली. शिक्षकांचा थकवा काही काळ तरी कमी झाला आणि शाळेचं वातावरण थोडं सुधारलं. औषध मुलांसाठी दिलं आणि गुण गुरुजींना आला!

यावरून ध्यान निरुपयोगी ठरत नाही. सगळ्यांना एकाच वेळी, वरून ठरवून, न विचारता दिलेलं ध्यान मुलांच्या अंगी लागत नसावं, असं मात्र वाटतं. पंधराव्या वर्षी माणूस ‘शांत हो’ हे सोडून काहीही ऐकायला तयार असतो.

धर्माचा वादही आहेच. कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटास गावच्या शाळांत जोइस फाउंडेशनच्या, म्हणजे मैसूरच्याच गुरुपरंपरेच्या, पाच लाखांवर डॉलरच्या देणगीतून योगवर्ग सुरू झाले, तेव्हा पालक कोर्टात गेले. २०१३ मध्ये न्यायाधीशांनी शाळेच्या बाजूने कौल दिला आणि २०१५ मध्ये अपिलातही तो टिकला. अलाबामा राज्याने तर १९९३ पासून शाळांत योगावर बंदीच घातली होती. ती २०२१ मध्ये उठली. आपल्याकडे उलट मागणी झाली: पहिली ते आठवी योग सक्तीचा करा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, शाळेत काय शिकवावं हे ठरवणं आमचं काम नव्हे, असं म्हणत ती फेटाळली. सक्ती आणि बंदी या दोन्हींत विचारायचं राहून जातं ते त्या पोराला.

तास कसा असावा

तालुक्याच्या गावातली शाळा डोळ्यांसमोर ठेवून बोलू. रबरी मॅट नसल्या तरी चालतं, सतरंजी पुरते. जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच तास ठेवू नये. मुलींना सलवार किंवा ट्रॅकपँटची मुभा हवी, आणि पाळीच्या दिवसांत उलटी आसनं न करण्याची मोकळीक हवी. तीही सगळ्यांसमोर कारण न विचारता. डोळे मिटलेच पाहिजेत असा हट्ट नको. काही मुलांच्या मिटल्या डोळ्यांपुढे घरातलं नको ते उभं राहतं. त्यांनी जमिनीवर एका जागी नजर ठेवली तरी काम होतं. आधी अंग हलवावं, घाम येऊ द्यावा, मग बसवावं. मैसूरच्या गुरूंनी पोरांचं हे मर्म नव्वद वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. गुण देऊ नयेत. गंभीर उदासी दिसली तर आसनांवर भागवू नये, समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे न्यावं.

आणि शिक्षकाने स्वतः बसावं. मुलांचे डोळे मिटवून स्वतः वह्या तपासणारे गुरुजी पोरांना बरोबर कळतात, कारण एक डोळा कायम किलकिला असतो.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे हा तास टिकवणं. २०१७ च्या २१ जूनला मैसूरच्या रेसकोर्सवर ५५,५०६ लोकांनी एकत्र योग करून गिनेस विक्रम केला. २०२२ मध्ये त्याच दिवशी पंतप्रधान मैसूर राजवाड्यासमोर आसनं करायला आले. असे सोहळे देखणे असतात आणि हवेतही. पण टी. नरसीपूरला कुंभ साधारण तीन वर्षांनी येतो, योगदिन वर्षाने येतो आणि शाळेची घंटा रोज वाजते. पोराला उपयोगी पडायचं ते त्या घंटेनंतरच्या दहा मिनिटांत. आणि पोर्शन राहिला म्हणून दहावीच्या वर्गात जो तास गणिताचे सर सर्वांत आधी मागून घेतात, तो नेमका हाच असतो. तेवढा एक तास मुख्याध्यापकांनी नाही म्हणून राखला, तरी मागच्या ओळीतल्या त्या मुलाला बसायला जागा मिळेल.