पाटण्याचा दगड आणि आठशे वर्षांपूर्वीची फेलोशिप

जर्मनीत पीएच.डी. करणाऱ्या मैत्रिणीने मागच्या महिन्यात ट्रियरचे फोटो पाठवले. तिथे रोमन लोकांनी बांधलेली काळ्या दगडांची वेस, पोर्टा निग्रा, अजून उभी आहे. पायाच्या कामातल्या लाकडांची वर्तुळं मोजून संशोधकांनी ठरवलं, की ती झाडं इ.स. १६९-७० च्या हिवाळ्यात तोडली होती. फोटोंखाली तिने लिहिलं होतं, "तुमच्याकडे आहे का असं काही?"

मी नशिराबादची. सुट्टीला घरी आले होते. पप्पांना म्हटलं, चला, पाटण्याला जाऊ. शनिवारी पहाटे जळगावहून रेल्वेने चाळीसगाव आणि तिथून पुढे रिक्षाने अठरा-एक किलोमीटर. सातमाळ्याच्या कुशीत देवीचं मंदिर, हेमाडपंती महादेव मंदिर, डोंगरात कोरलेली लेणी. आता सगळं जंगल आहे, पण बाराव्या-तेराव्या शतकात इथे नांदतं गाव होतं.

रिक्षावाले दादा वाटेतच म्हणाले, "भास्कराचार्य इथलेच, ताई." पप्पांनीही मान डोलावली. मी गप्प बसले, कारण इथेच गोष्ट थोडी अवघड होते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड, असं ते स्वतःच सांगतात. हे विज्जडविड नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मग पाटण्याचं नाव आलं कुठून? देवीच्या मंदिरातल्या शिलालेखावरून. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ साली अभ्यासकांसमोर आणला.

लेख कोरवला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने. तो यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटण्यात मठ काढला आणि इथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिलं. तिथी कोरली आहे ती अशी: शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ.

आता कागद-पेन घ्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. ११२८ अधिक ७८ म्हणजे १२०६. पण संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं असतं आणि प्रभव हे त्यातलं पहिलं नाव. १९८७ च्या गुढीपाडव्याला प्रभव लागलं होतं. तिथून साठ-साठ वर्षं मागे जा. तेरा उड्या मारल्या की ७८० वर्षं होतात आणि आपण पोहोचतो १२०७ ला. म्हणजे आकडा एक वर्ष सांगतो आणि नाव दुसरं!

मग विश्वास कशावर ठेवायचा? आकडा कोरताना एकाने चुकणं सोपं असतं; चालू वर्षाचं नाव चुकणं त्यामानाने अवघड. ग्रहण एकट्याने निकाल लावत नाही, कारण लागोपाठच्या दोन वर्षांत साधारण त्याच सुमारास ग्रहण पडू शकतं. पण १२०७ च्या श्रावण पौर्णिमेला गणिताने ग्रहण येतंच. नाव, महिना, तिथी, ग्रहण असे चार साक्षीदार एका बाजूला आले, म्हणून अभ्यासक ९ ऑगस्ट १२०७ ही तारीख धरतात. ट्रियरला लाकडाने साक्ष दिली, इथे चंद्राने. आणि ग्रहण कसं काढायचं, हेही त्या मठात शिकायच्या 'सिद्धांतशिरोमणी'त आहेच.

हे सगळं मी पप्पांना मंदिराच्या पायरीवर बसून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे जन्म इथला नाही?"

"पप्पा, नाही असंही दगड म्हणत नाही. तो जन्माबद्दल बोलतच नाही."

ते जरा खट्टू झाले. मलाही वाटलं, उगाच बोललो. आपल्या खान्देशाकडे मिरवायला आधीच किती थोडं, त्यातलंही मी काढून घेतेय का? मग त्यांना लेखाचा मराठी भाग सांगितला. पाटण्याच्या बाजारातल्या मालावर गिऱ्हाइकांकडून राजाला मिळणारं उत्पन्न मठाला दिलेलं आहे. दर घाण्यामागे पळीभर तेलही.

पप्पा हसले. "म्हणजे तेल्याच्या तेलावर गणित चालायचं!"

अगदी तसंच. माझी फेलोशिप चार महिने थकली आहे, त्यामुळे ही ओळ मला जरा जास्तच लागली. आठशे वर्षांपूर्वी या जंगलातल्या गावाने ठरवलं होतं, की शिकणाऱ्यांच्या दिव्याला तेल आपण पुरवायचं, आणि ते दगडावर कोरून ठेवलं.

जन्मस्थळाचा वाद सुटेल तेव्हा सुटेल. पण खान्देशात भास्कराचार्यांचं गणित शिकवणारी शाळा होती आणि बाजारातली साधी माणसं तिचा खर्च उचलत होती, हे आज पुराव्यानिशी सांगता येतं. मला तर हा मान जन्मस्थळापेक्षा मोठा वाटतो.

परतताना रिक्षात पप्पा दादांना म्हणाले, "जन्माचं नक्की नाही हो, पण शाळा इथेच होती. तारखेसकट!"

मैत्रिणीला मी एवढंच लिहिलं: आहे. आणि आमच्याकडे तेलाचा हिशोबही आहे.