यीस्टची पेशी आणि प्राणवायूची आंच

जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइडचे चार थेंब टाकले कीं पांढरा फेस फसफसून वर येतो, हें पुष्कळ घरांतून पाहिलेलें असतें. पाव करण्याचें यीस्ट पाण्यांत कालवून त्यांत हाच द्रव ओतला तरी तसाच फेस उसळतो. मात्र हा फेस आंबण्याचा नव्हे. पाव फुगवितांना यीस्ट सोडतें तो कार्बन डायॉक्साइड. येथें बाहेर पडतो तो प्राणवायु. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ तेनार यानें १८१८ सालीं शोधून काढलेल्या या द्रवाचें, यीस्टमधील कॅटलेस नांवाचें एन्झाइम पाणी व प्राणवायु असें विभाजन करितें.

ज्या पेशीचा व्यास १ मिलिमीटरचा सुमारें २०० वा भाग, तिला ही तयारी कशासाठीं लागावी? कारण हें विष तिच्या घरांतच तयार होतें. श्वसनक्रियेच्या शेवटीं प्राणवायूच्या रेणूला ४ इलेक्ट्रॉन मिळाले म्हणजे त्याचें पाणी बनतें. परंतु एखादा इलेक्ट्रॉन मध्येंच निसटून एकटाच प्राणवायूला चिकटला तर सुपरऑक्साइड उत्पन्न होतें, त्यापासून पेरॉक्साइड, आणि पेरॉक्साइडला लोहाचा अणु भेटला तर त्याहून दाहक असा हायड्रॉक्सिल. हा शेवटचा, समोर येईल त्या प्रथिनाला, स्निग्ध द्रव्याला, किंबहुना आनुवंशिक द्रव्यालाही दंश केल्यावांचून राहत नाहीं. ज्या चुलीवर अन्न शिजावें तिच्याच ठिणग्या छपरावर उडाव्या, तसा हा प्रकार.

संकट ओळखण्याची यीस्टची रीत मोठी चतुर आहे. या पेशींत याप-१ नांवाचें एक प्रथिन असतें. संरक्षक जनुकांना जागें करण्याचें काम त्याचें. पण एरव्हीं तें केंद्रकांत शिरतें न शिरतें तोंच दुसरें एक वाहक प्रथिन त्याला धरून बाहेर आणून सोडतें. याप-१ म्हणजे ६५० अमिनो आम्लांची माळ. तींतील ३०३ व्या आणि ५९८ व्या जागीं सिस्टीन हा गंधकयुक्त मणि आहे. आतां नवल असें कीं, पेरॉक्साइडची चाहूल याप-१ ला स्वतःला फारशी लागतच नाहीं. ती लागते जीपीएक्स-३ या शेजाऱ्याला. त्याच्या ३६ व्या सिस्टीनचा गंधक पेरॉक्साइडमधील प्राणवायु पकडतो, लगेच याप-१ च्या ५९८ व्या मण्याशीं हात गुंफतो, आणि मग तो हात ३०३ व्या मण्याच्या हातीं देऊन आपण मोकळा होतो. फ्रान्समधील मिशेल तोलेदानो व त्यांचे सहकारी यांनीं २००२ सालीं हा क्रम उलगडून दाखविला. माळेला अशी गांठ बसली कीं वाहकाला धरावयाची जागा आंत दडते. याप-१ केंद्रकांतच अडकून पडतें आणि कांहीं मिनिटांत संरक्षक जनुकें कामाला लागतात.

त्या जनुकांच्या आज्ञेनें थायोरेडॉक्सिन व ग्लुटाथायोन यांचा पुरवठा वाढतो. पुढें पेरॉक्साइड ओसरलें म्हणजे याप-१ ची गांठ सोडवितें तें हेंच थायोरेडॉक्सिन. आग विझविणाऱ्यानेंच धोक्याची घंटाही थांबवावी, अशी ही व्यवस्था.

जनुकें जागीं होण्यास वेळ लागतो. तोंवर पेशी काय करिते? साखर जाळण्याच्या मार्गावरील एक एन्झाइम पेरॉक्साइडच्या स्पर्शानें निकामी होतें. वरवर पाहतां ही हानि. पण त्यामुळें साखरेचा ओघ अडून दुसऱ्या वाटेनें वळतो, व त्या वाटेवर एनएडीपीएच हें द्रव्य निर्माण होतें. थायोरेडॉक्सिन व ग्लुटाथायोन यांना पुन्हां कार्यक्षम करण्यास तेंच लागतें. मार्कस राल्सर प्रभृतींनीं २००७ सालीं हें दाखवून दिलें.

यीस्टला प्रथम पेरॉक्साइडची अल्प मात्रा देऊन थोडा अवकाश दिला, तर एरव्हीं प्राणघातक ठरणाऱ्या मात्रेंतूनही तें पुष्कळ अंशीं वांचतें. पेरॉक्साइड हें विष खरें, पण पेशीच्या दृष्टीनें तें वर्दीही आहे. प्राणवायुविरोधी गोळ्यांचे डबे रिचविणाऱ्यांनीं ही गोष्ट विचारांत घेण्यासारखी आहे.

सुपरऑक्साइडचा निरास करणारें एन्झाइम अमेरिकेंत मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनीं १९६९ सालीं ओळखलें. त्याचें मुख्य जनुक काढून टाकलेलें यीस्ट हवेंत वाढवावयाचें तर त्याला लायसिन व मेथायोनिन हीं अमिनो आम्लें बाहेरून पुरवावीं लागतात. प्राणवायु वगळला तर लागत नाहींत. अशा पांगळ्या यीस्टमध्यें तेंच जनुक मनुष्याचें घातलें तरी त्याचें काम भागतें. मनुष्यांत याच जनुकांतील दोषामुळें कांहीं कुटुंबांतून स्नायु लुळे पाडणारा एएलएस हा असाध्य रोग पिढ्यान्‌पिढ्या चालतो, हें १९९३ सालीं उघड झालें. प्रथम वाटलें, एन्झाइम दुबळें पडल्यानें हें होत असावें. परंतु यांपैकीं अनेक सदोष एन्झाइमें आपलें नेमलेलें काम करीतच असतात. घात होतो तो त्यांची घडी बिघडून तीं एकमेकांस चिकटल्यामुळें.