चाळीस पिनांची गाठ

लॅपटॉप कायमचा बंद पडतो तेव्हा त्याचा पडदा बहुधा धडधाकट असतो. मदरबोर्ड जातो, बॅटरी फुगते, बिजागरी निखळते, कीबोर्डवर चहा सांडतो. दुरुस्तीचा आकडा ऐकून घरचे लोक नवा लॅपटॉप घेतात आणि जुना माळ्यावर नाहीतर भंगारवाल्याकडे जातो. त्याच्यासोबत १५.६ इंचांची, अजून कित्येक वर्षं चालेल अशी काचही जाते. ही काच वेगळी काढून तिचा स्वतंत्र मॉनिटर करणारे कारागीर आपल्या शहरांमध्ये आहेत, आणि त्यांच्या कामाकडे अजून कुणी नीट पाहिलेलं नाही.

ई-कचऱ्यावर विशेष अंक काढायचं ठरलं, तेव्हा संपादक म्हणाले की आकडेवारी नको, काम करणारा माणूस शोधा. म्हणून मी लॅमिंग्टन रोडला गेले. कागदोपत्री हा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. जुन्या मुंबईकरांना तो नाझ, मिनर्व्हा, अप्सरा या थिएटरांमुळे आठवतो, आणि विजेच्या वस्तूंशी खटपट करणाऱ्या प्रत्येकाला सुट्या भागांसाठी. तिथल्या एका इमारतीत, जिना चढून गेल्यावर लागणाऱ्या चिंचोळ्या खोलीत काका बसतात. नाव छापू नका, असं त्यांनी आधीच बजावलं. नाव आलं की लोक फुटक्या काचा घेऊन येतात, आणि फुटलेल्या काचेचं काही करता येत नाही हे प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. त्यांनी सुरुवात केली ती टीव्हीच्या पिक्चर ट्यूबपासून. आता टेबलावर पॅनेलं उभी रचलेली असतात, प्रत्येक दोन पॅनेलांमध्ये वर्तमानपत्राची घडी.

या पडद्यांचा इतिहास सांगायचा तर तो प्रागपासून सुरू होतो. तिथे १८८८ मध्ये फ्रीडरिख रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरापासून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाला दोन वितळणबिंदू असल्याचं दिसलं. त्या मधल्या अवस्थेला पुढे द्रवस्फटिक म्हणू लागले. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीनं १९६८ मध्ये त्याचा पडदा करून दाखवला. पुढे लॅपटॉप आले, तेव्हा बरीच वर्षं त्यांच्या पडद्यामागे बारीक फ्लुरोसंट नळी जळत होती. साधारण २००९-१० पासून तिची जागा एलईडीनं घेतली. एवढा इतिहास इथे पुरे, कारण काकांच्या टेबलावर अडतं ते काचेशी नाही. अडतं ते काचेच्या मागच्या जोडाशी.

लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक आहे, मग त्यातूनच का नाही चालत? कारण ते भोक बाहेर जाण्याचं आहे. तिथून चित्र निघतं, आत येत नाही. आणि लॅपटॉपच्या आतला पडदा एचडीएमआय समजतच नाही. जुन्या पॅनेलांना लागतो एलव्हीडीएस नावाचा सिग्नल. दोन तारांच्या जोडीतून जेमतेम ३५० मिलिव्होल्टच्या फरकानं माहिती धावते. १३६६ बाय ७६८ च्या साध्या पॅनेलमध्ये माहितीच्या अशा तीन जोड्या असतात आणि चौथी घड्याळाची. घड्याळाच्या एका ठोक्याला प्रत्येक जोडी सात बिट देते. सात त्रिक एकवीस. त्यातले अठरा रंगांचे, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांचे सहा-सहा. उरलेले तीन बिट ओळ कुठे संपली, चित्र कुठे संपलं, हे सांगायला. ठोके सेकंदाला सुमारे सात कोटी वीस लाख. म्हणजे केसासारख्या त्या जोडीतून सेकंदाला पन्नास कोटी बिट जात असतात, आणि आपण त्यावर वर्षानुवर्षं झाकण उघडत-मिटत असतो.

लॅपटॉपच्या आत हे काम ग्राफिक्सची चिप परस्पर करते. लॅपटॉप काढून टाकला की मधला दुभाषा जातो. तो परत आणायचा म्हणजे कंट्रोलर बोर्ड बसवायचा. हिरवा, पोस्टकार्डाहून लहान, एका बाजूला एचडीएमआय आणि व्हीजीए, दुसऱ्या बाजूला पॅनेलची केबल. चीनमधून येणारे हे बोर्ड इथे हजार-दोन हजारांत मिळतात. टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यात त्यांना सरसकट ‘युनिव्हर्सल’ म्हणतात. या नावावर विसंबून राहिलेल्या माणसानं निदान एक पॅनेल जाळलेलं असतं, असं काका सांगतात.

मी गेले तेव्हा त्यांच्यासमोर फुल एचडीचं एक पॅनेल होतं. त्यांनी ते पालथं केलं, गालिच्यासारख्या मऊ कापडावर, आणि मला लेबल वाचायला लावलं: बी१५६एचडब्ल्यू०१. “१५६ म्हणजे १५.६ इंच. एवढं कळलं की लोकांना वाटतं झालं,” ते म्हणाले. “पुढचं एक अक्षर चुकलं तर सगळं चुकतं, ताई.” त्यांनी दुसरं पॅनेल काढून दाखवलं, एन१५६बीजीई-एल२१. रेघेनंतरचा एल म्हणजे एलव्हीडीएस. याच नावाच्या पॅनेलवर एलच्या जागी ई असेल, तर ते ईडीपीचं, म्हणजे नव्या लॅपटॉपांतल्या दुसऱ्या प्रकारच्या सिग्नलचं. जुनी केबल, जुना बोर्ड त्याला चालत नाही. आकार तोच, काच तशीच, चित्रही तसंच. फरक एका अक्षराचा.

मग त्यांनी बोर्ड घेतला. त्यावर तीन जागी पिना असतात, ३.३, ५ आणि १२ व्होल्टच्या, आणि एक काळी टोपी त्यातल्या एका जागी बसवायची. हा जंपर. लॅपटॉपच्या पॅनेलला ३.३ लागतात. ५ बहुधा डेस्कटॉप मॉनिटरच्या पॅनेलांसाठी, १२ टीव्हीसाठी. बोर्ड नवा येतो तेव्हा टोपी कुठेही असू शकते. काकांनी ती ३.३ वर बसवली, आणि तरीही पॅनेल न जोडता आधी बोर्डला वीज दिली, केबलच्या टोकाला मल्टीमीटरचं टोक लावून आकडा वाचला. ३.३ दिसल्यावर वीज काढली आणि मगच केबल हातात घेतली. छापलेल्या आकड्यावर ते विश्वास ठेवत नाहीत.

तो जोड मी भिंगातून पाहिला. चाळीस पिना, दोन पिनांमध्ये अर्धा मिलिमीटर. केबल पुढून सरकवायची असते, वरून दाबायची नसते, आणि बसल्यावर तांब्याच्या रंगाची चिकटपट्टी लावून धरायची असते. उघडताना लोक पट्टी न सोडवता केबलच ओढतात. पाच-सहा पिना त्याच वेळी वाकतात, आणि वाकलेली पिन शेजारणीला टेकली तर ३.३ व्होल्ट सिग्नलच्या तारेत शिरतात. काका नखानं पट्टीचं टोक उचलतात आणि केबल दोन्ही अंगठ्यांनी, समोरासमोर, सरळ मागे घेतात. या दोन हालचालींना त्यांनी जेवढा वेळ दिला, तेवढा पूर्ण फ्रेम जोडायलाही दिला नाही.

वीज दिली. आधी नुसता उजेड, मग चित्र. रंग ठीक होते, पण अक्षरांना करवतीसारखे दाते आले होते. मला वाटलं पॅनेल खराब आहे. काकांनी मान हलवली. फुल एचडीला माहिती दोन वाटांनी जाते, सम ठिपके एका वाटेनं आणि विषम दुसऱ्या. बोर्डनं वाटा उलट धरल्या की प्रत्येक ठिपका शेजाऱ्याच्या जागी उभा राहतो. त्यांनी रिमोटनं दुरुस्तीवाल्यांचा मेन्यू उघडला, एक पर्याय बदलला आणि अक्षरं सरळ झाली. रंग फोटोच्या निगेटिव्हसारखे दिसत असते, तर रोग वेगळा असता: सहा बिटांच्या पॅनेलला आठ बिटांचा प्रोग्राम. तो प्रोग्राम पेनड्राइव्हवरून ‘मारायचा’ असतो. त्यांच्याकडे अशा फाइलींची फोल्डरं आहेत, कुठून कुठून जमवलेली. फाइलीच्या नावात रिझोल्यूशन, वाट एकेरी की दुहेरी आणि बिट असे तीन तपशील असतात, आणि नाव बरोबर असलं तरी फाइल बरोबर असेलच असं नाही.

चालू-बंदचा क्रमही बोर्डाला सांभाळावा लागतो. पॅनेलांच्या डेटाशीटमध्ये तो आलेखासह दिलेला असतो. आधी ३.३ व्होल्ट, मग सिग्नल, मग साधारण २०० मिलिसेकंद थांबून बॅकलाइट. बंद करताना नेमकं उलट. हलक्या बोर्डांत हा क्रम ढिला असतो. मग सुरू होताना रंगांचा चिखल क्षणभर चमकून जातो. काका त्याकडे दुर्लक्ष करत नाहीत. तो दिसला की बोर्ड बाजूला, मग तो कितीही स्वस्त असो.

पॅनेल आणि बोर्ड मिळून दहा वॅटच्या आसपास वीज खातात. दुकानातल्या सीसीटीव्हीसाठी, बिलाच्या काउंटरवर, लहानशा संगणकावर शिकणाऱ्या मुलासाठी हा पडदा चांगला आहे. मी तो वाचण्याइतक्या अंतरावरून बराच वेळ पाहिला आणि मला त्यात उणं काही सापडलं नाही. मग हे काम वाढत का नाही, असं विचारलं, आणि उरलेली दुपार त्याच्या उत्तरात गेली.

पहिली अडचण अ‍ॅडॉप्टरची. गिऱ्हाईक लॅपटॉपसोबत त्याचा अ‍ॅडॉप्टरही आणून देतं, पिन बसते म्हणून घरी गेल्यावर तोच लावतं. तो १९ व्होल्टचा. बोर्डाला १२ हवेत. बोर्ड तिथेच संपतो, आणि दोष मॉनिटर करणाऱ्याच्या माथी येतो. म्हणून काका आता १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर बोर्डाला तारेनं कायमचा जोडून देतात.

दुसरी अडचण खोक्याची. लॅपटॉपचं झाकण हेच कवच म्हणून वापरता येतं, पण त्यात बोर्ड मावत नाही. तो पाठीला बाहेरून लावावा लागतो. पॅनेलची पाठ पत्र्याची असते. बोर्डाखालच्या सोल्डरचं टोक पत्र्याला टेकलं की शॉर्ट. मध्ये फायबरची पट्टी घालायची, वर अ‍ॅक्रिलिकचं झाकण कापून बसवायचं, खाली स्टँड. पॅनेल स्वतः फुकट मिळालेलं असतं, पण बोर्ड, अ‍ॅडॉप्टर, अ‍ॅक्रिलिक आणि अर्ध्या दिवसाची मजुरी धरली की बेरीज अशा ठिकाणी पोचते जिथे माणूस विचारतो: अजून थोडे घातले तर २२ इंची नवा येतो ना? येतो. वॉरंटीसकट येतो. काकांचा पडदा दुसऱ्या लॅपटॉपमधून निघालेला, आधीच काही हजार तास जळलेला. ते वॉरंटी देतात ती बोर्डाची, काचेची नाही, कारण कडेच्या एका पातळ पट्टीवर बोट दाबलं गेलं तरी उभी रेघ येते आणि ती रेघ जात नाही.

जुनी, नळीवाली पॅनेलं त्यांनी घेणं सोडलं आहे. नळी पेटवायला इन्व्हर्टर शेकडो व्होल्ट काढतो, सुरुवातीच्या झटक्याला त्याहूनही जास्त, आणि नळीत थोडा पारा असतो. ती फुटली तर या खोलीत हवा जायला एकच खिडकी आहे. मला हा त्यांचा नकार फार मोलाचा वाटला. सगळं वाचवलंच पाहिजे अशी जिद्द धरणारा माणूस स्वतःच्या फुफ्फुसांचा हिशेब विसरतो.

कायद्याचं म्हणाल, तर ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांत वस्तू पुन्हा वापरण्याजोगी करणाऱ्या ‘रिफर्बिशर’ला वेगळं स्थान आहे, त्याची नोंदणी आहे. पण सूक्ष्म उद्योगांना हे नियम लागू होत नाहीत. म्हणजे काकांसारख्यांवर बडगा नाही, हे चांगलंच. पण त्यांनी वाचवलेला एकही पडदा कुठल्याही नोंदीत येत नाही. भंगारात काच फोडून धातू काढला, तर तो वजनात मोजला जातो. तीच काच आणखी आठ वर्षं चालवली, तर ती कुणाच्याच खात्यावर नाही. ही मोजदाद मला चुकीची वाटते, आणि ती बदलायला हवी.

सगळ्यात कठीण मात्र पुढून येणाऱ्या लॅपटॉपांचं आहे. पूर्वी पॅनेल चार स्क्रूंवर टेकलेलं असायचं. आता ते झाकणाला ताणून निघणाऱ्या चिकटपट्टीनं डकवलेलं असतं, काहींत काच, पॅनेल आणि झाकण मिळून एकच अखंड थर असतो. गरम करून सोडवताना काच वाकते. ईडीपीचा एक फायदा आहे, पॅनेल स्वतःची ओळख बोर्डाला सांगतं, त्यामुळे फाइलींची शोधाशोध कमी होते. पण त्याचे बोर्ड महाग, आणि ईडीपीतही जोड तीस पिनांचा की चाळीस हे पाहावं लागतं. चाळीसवाला दिसायला हुबेहूब जुन्या एलव्हीडीएससारखा, आतली मांडणी निराळी. केबल अडखळत नाही, सहज बसते. धोका तिथेच आहे.

काका प्रत्येक पॅनेलची नोंद फुलस्केप वहीत ठेवतात: लेबलवरचा नंबर, जंपर, फाइलीचं नाव, निकाल. ही माहिती पॅनेल बनवणाऱ्यांकडे छापील असते. ती लॅपटॉपच्या खरेदीदाराला मिळत नाही, म्हणून एका माणसाला पॅनेलं जाळून ती पुन्हा शोधावी लागली. आयटीआयची दोन मुलं सुटीत त्यांच्याकडे येतात, ती आता ही वही संगणकावर उतरवत आहेत. उतरवताना काकांनी रकान्यांचा क्रम बदलायला सांगितला. आधी एल की ई, मग पिना किती, आणि त्यानंतर नंबर.