आईच्या ओव्या आणि नखाएवढे कार्ड

माझे माहेर बेज्जूर. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे गाव २०१६ पासून आसिफाबाद जिल्ह्यात गेले. सिरपूर-कागजनगर स्टेशनावर उतरायचे आणि जंगलातून पुढे जायचे. पलीकडे प्राणहिता नदी, नदीपार गडचिरोली. बाजारात तेलुगू, घरात मराठी आणि आसपासच्या पाड्यांत गोंडी, अशा बोलींत मी वाढले आणि लग्न होऊन भालकीच्या कन्नड घरात आले.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आईच्या जात्यावरच्या ओव्या मी छोट्या रेकॉर्डरवर टिपून घेतल्या. एकूण एकेचाळीस. पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. वर्षश्राद्धाला साऱ्यांना तिचा आवाज ऐकवावा म्हणून मेमरी कार्ड संगणकात घातले, घाईत मध्येच ओढून काढले आणि पुन्हा घातले. पडद्यावर सूचना आली, ‘आधी डिस्क फॉरमॅट करा.’ दुसरी प्रत मी केलेलीच नव्हती. चूक सर्वस्वी माझी.

एका दुकानदाराने ‘फॉरमॅट करून टाका, मग बघू’ असे सांगितले. माझा हात धजावला नाही. कॉलेजातल्या एका माजी विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, कार्डाला आता हात लावू नका. बाजूची बारीक कळ लॉकवर सरकवा आणि तसेच घेऊन या.”

त्याने समजावले ते आपल्या सर्वांच्या उपयोगाचे आहे. वाचनालयात पुस्तके कपाटात असतात आणि कोणते पुस्तक कुठे, हे नोंदवहीत असते. कार्डाचेही तसेच. त्यातल्या नोंदवहीला फाइल अ‍ॅलोकेशन टेबल, थोडक्यात ‘फॅट’ म्हणतात. ही पद्धत १९७७ सालची. ३२ जीबीपर्यंतच्या बहुतेक कार्डांत तिचेच पुढचे रूप चालते. लिहिणे चालू असताना कार्ड ओढले की नोंदवही बिघडते. संगणकाला वाटते, वाचनालयच रिकामे आहे. पुस्तके मात्र बहुधा जागच्या जागी असतात. त्या जागेवर नवीन काही लिहिले गेले, की जुने कायमचे गेले. म्हणून अशा वेळी नवा फोटो काढायचा नाही, नवे रेकॉर्डिंग करायचे नाही.

त्याने आधी संपूर्ण कार्डाची हुबेहूब प्रत संगणकावर उतरवली आणि पुढचे सारे काम त्या प्रतीवर केले. ‘टेस्टडिस्क’ नावाच्या मोफत प्रोग्रॅमने नोंदवही दुरुस्त होते का ते पाहिले. फॅटच्या सहसा दोन प्रती असतात, पण आमच्या दोन्ही बिघडल्या होत्या. मग त्याचाच जोडीदार ‘फोटोरेक’ लावला. नाव फोटोचे असले तरी तो ध्वनीही शोधतो. नोंदवही बाजूला ठेवून तो एकेक कपाट चाळतो. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरावीक खुणेने होते; आमच्या ध्वनिफायलींच्या आरंभी ‘आर-आय-एफ-एफ’ ही चार अक्षरे होती. ती दिसली, की तिथून फाइल उचलायची आणि दुसऱ्या डिस्कवर ठेवायची. तुकड्यातुकड्यांनी साठवलेली फाइल मात्र अर्धवट हाती लागते.

रात्री साडेनऊला सदतीस फायली परत आल्या. दोन अर्ध्यावर तुटलेल्या. चार गेल्या त्या गेल्याच.

पण नावे? एकही नाही. नुसते आकडे. कोणती ओवी कुणावर, कोणती सीतेची, कोणती माझ्या मामाची, काहीच कळेना. नोंदवही गेली, की नावे जातात.

मग आम्ही घरातली माणसे वही घेऊन बसलो. दादाला बेज्जूरहून फोनवर घेतले. माझ्या सासूबाईंना मराठी जेमतेम कळते. तिसरी ओवी सुरू होताच त्या म्हणाल्या, “हे तर बीसुव पद!” त्यांच्या आईचीही जात्यावरची गाणी होती, कन्नडमधली. माहेरच्या आठवणीची ओवी कोणती, हे त्यांनी नुसत्या स्वरावरून ओळखले. एका ठिकाणी आईने मध्येच मला हाक मारली आहे. ती मुलांनी दहादा ऐकली. धाकटी म्हणाली, “अज्जी, आता तुमचंही रेकॉर्ड करू या.”

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखभर ओव्या जमा झाल्या. त्यांत एकेक ओवी कुणाची, कुठल्या गावची, हेही लिहून ठेवले आहे. आपल्या घरापुरते एवढे तरी आपण करू शकतो.

आता आमच्याकडे तीन प्रती आहेत. एक संगणकावर, एक पेनड्राइव्हवर, एक बेज्जूरला दादाकडे. सोबत साधी दोनशे पानी वही, प्रत्येक ओवीसमोर नाव. डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. कन्नडच्या बाजूला आतापर्यंत सासूबाईंची अकरा पदे भरली आहेत.