दोन टनांपासून दोन नॅनोग्रॅमपर्यंत

धुराडी साफ करणाऱ्या मुलांना मोठेपणी होणारा त्वचेचा कर्करोग काजळीमुळे होतो, हे लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये लिहून ठेवले. काजळीतला घातक पदार्थ नेमका कोणता, हे कळायला दीडशेहून अधिक वर्षे गेली. १९३३ मध्ये लंडनमध्येच कुक, ह्यूएट आणि हीगर यांनी दोन टन कोळशाच्या डांबरातून बेन्झोपायरीन वेगळे काढून दाखवले. आज हवेतला तोच पदार्थ फिल्टरच्या नखाएवढ्या तुकड्यात मोजता येतो.

हिशेब साधा आहे. तासाला एक घनमीटर हवा ओढणारा पंप दिवसभर चालवला, की ४७ मिलिमीटर व्यासाच्या फिल्टरमधून २४ घनमीटर हवा जाते. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार बेन्झोपायरीनची वार्षिक सरासरी घनमीटरला एक नॅनोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. हवेत तेवढेच असले तर अख्ख्या फिल्टरवर २४ नॅनोग्रॅम जमतात आणि एक चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यावर जेमतेम दोन.

ते काढायचे कसे? जुनी वाट सॉक्सलेट उपकरणाची. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी ते १८७९ मध्ये दुधातली चरबी मोजण्यासाठी बनवले. त्यात फिल्टर तासन् तास द्रावकाने धुतात आणि मग द्रावण आटवत मिलिलिटरभर उरवतात. पण मोजणी करणाऱ्या यंत्रात त्यातला एक मायक्रोलिटर, म्हणजे हजारावा भागच जातो. बाकीचा ऐवज बाटलीतच राहतो. नमुना मोठा असेल तर हे परवडते.

नमुना लहान असेल तर द्रावक बाजूला ठेवून उष्णतेची मदत घेतात. फिल्टरचा तुकडा काचेच्या नळीत ठेवून सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवतात. सुटलेली वाफ हेलियम वायू पुढे नेतो, थंड सापळा तिला पकडतो आणि सापळा झटक्यात तापला की सगळी वाफ त्या यंत्रात, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये शिरते. हजारावा भाग नव्हे, तुकड्यावरचे जवळजवळ सगळेच.

पुढे साधारण ३० मीटर लांबीची, केसासारखी बारीक नळी. तिच्यातून प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि मास स्पेक्ट्रोमीटर त्याचा रेणुभार ओळखतो. बेन्झोपायरीनचा भार २५२. पण त्याचा एक जुळा भाऊ आहे: अणू तेच, भार तोच, मांडणी तेवढी वेगळी. कर्करोगाशी त्याचा संबंध जोडायला मात्र पुरेसा पुरावा नाही. नळीतून हे दोघे थोड्याशा अंतराने बाहेर येतात. त्या अंतरावर सगळा निष्कर्ष उभा असतो.

म्हणूनच या कामात स्वच्छतेला तोड नाही. क्वार्ट्झचे फिल्टर वापरण्याआधीच भट्टीत सुमारे ५५० अंशांवर तासन् तास भाजतात, चिमट्यानेच उचलतात आणि प्रत्येक खेपेला एक कोरा फिल्टरही तपासतात. तापवलेला तुकडा पुन्हा मिळत नाही. चूक झाली तर दुसरी संधी राहावी, म्हणून फिल्टरचा उरलेला भाग फ्रीजरमध्ये जपून ठेवतात.

एवढा खटाटोप का? तराजूला चुलीचा धूर आणि रस्त्याची माती सारखीच. हवेतल्या कणांचे नुसते वजन विष सांगत नाही. लेव्होग्लुकोसान सापडले तर लाकूड-गवत जळाले आहे, होपेन सापडले तर वाहनांचे वंगण किंवा कोळसा, हे रेणूच सांगतात.

आणि नमुना लहान चालतो, म्हणून मोजणी चौकातल्या खांबावरून उतरून माणसापर्यंत येते. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या कमरेला मिनिटाला दोन लिटर हवा ओढणारा पंप बांधला, तर दोन तासांत पाव घनमीटरही भरत नाही. पण तेवढे आता पुरते. धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या अंगावर किती विष बसले, हे कुणी मोजले नाही. या बाईच्या श्वासात किती जाते, हे मोजता येते, मोजलेच पाहिजे.