तुमचा ‘ऑक्टोपस’ कुठाय?

नाशिकच्या कॉलेजकट्ट्यावर सुट्टीचे प्लॅन सुरू झाले की गाडी गंगापूर धरण, इगतपुरी करत शेवटी तारकर्लीवर येतेच. मालवणला स्कूबा करायचं आणि व्हिडिओ स्टेटसला टाकायचा! तिथली पहिली डुबकी तशी निर्धास्त. इन्स्ट्रक्टर तुम्हाला सोडतच नाही. पण काहींना तेवढ्यावर चैन पडत नाही. ते रीतसर कोर्स करतात आणि जोडीदाराबरोबर स्वतः खाली जाऊ लागतात. तुम्हीही त्यातले असाल, तर एक प्रश्न आधी सोडवा : खाली जोडीदाराची हवा संपली तर?

टाकीत हवा साधारण २०० बार दाबाने भरलेली असते. रेग्युलेटरचा पहिला टप्पा टाकीवर बसतो आणि हा दाब बराच उतरवतो. दुसरा टप्पा तोंडात असतो, तो श्वास घ्याल तेवढीच हवा सोडतो. जादा जोडलेला दुसरा टप्पा म्हणजे ‘ऑक्टोपस’. तो असतो मुख्यतः जोडीदारासाठी. म्हणून निवडताना किमतीआधी बघायचं ते हे, की घाबरलेल्या माणसाला तो क्षणात सापडेल का?

पर्याय मुख्यतः तीन :

* पिवळा ऑक्टोपस : सर्वात रुळलेला. रंग ठळक, नळी लांब. हनुवटी आणि बरगड्यांच्या मधल्या भागात, एका झटक्यात सुटेल असा अडकवायचा. नवशिक्यांसाठी हाच बरा.
* जॅकेटच्या इन्फ्लेटरमधला रेग्युलेटर : एक नळी वाचते. पण नळी आखूड, त्यामुळे तोंडातला रेग्युलेटर जोडीदाराला द्यायचा आणि आपण इन्फ्लेटरवर श्वास घ्यायचा. सराव हवाच.
* लांब नळी : तोंडातला रेग्युलेटर सुमारे २ मीटर नळीवर, दुसरा गळ्याशी इलॅस्टिकने अडकवलेला. ही पद्धत गुहांमध्ये उतरणाऱ्या डायव्हर्सची. घाबरलेला माणूस बहुतेकदा तोंडातल्या रेग्युलेटरवरच झडप घालतो, हे यात गृहीतच धरलंय.

मात्र तिन्हींत टाकी एकच! हिशेब करा. १२ लिटरच्या टाकीत ५० बार उरले म्हणजे ६०० लिटर हवा. वर मिनिटाला २० लिटर लागत असेल, तर १८ मीटरवर दाब २.८ पट, म्हणजे ५६ लिटर. दोघांना ११२. पाचएक मिनिटं. घाबरून श्वास दुप्पट झाला, तर तीनही नाहीत. म्हणून ऑक्टोपस हातात आला की फोटो-बिटो विसरा, एकमेकांना धरा आणि सावकाश वर या. श्वास मात्र अजिबात रोखायचा नाही. वर येताना फुफ्फुसातली हवा फुगते. पूर्ण वेगळी हवा हवी असेल तर छोटी ‘पोनी’ टाकी मिळते, तिचा रेग्युलेटरही वेगळा. पण वजन वाढतं आणि शिकणंही.

उतरण्याआधी दोन मिनिटं द्या. दोन्ही रेग्युलेटरमधून चार-पाच श्वास घ्या. त्या वेळी गेजचा काटा खालीवर होत असेल, तर टाकीचा व्हॉल्व्ह नीट उघडलेला नाही. माउथपीस फाटलंय का, नळीला चीर आहे का, बघा. सामान भाड्याचं असेल तर शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं हे बिनधास्त विचारा. पैसे तुम्ही देताय.

आणि जोडीदाराला बोटीवरच विचारा, ‘तुझा ऑक्टोपस कुठाय?’ त्याला शोधावा लागला, तर पाण्याखाली तुम्हालाही शोधावाच लागणार.