राणीचा की राजाचा? वऱ्हाडातल्या चांदीच्या रुपयाचा मागोवा

अमरावतीच्या सराफ्यात असो की अकोल्याच्या, चांदीचा जुना रुपया गादीवर ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला: "राणीचा हाय का राजाचा?" राणीचा, म्हणजे व्हिक्टोरियाचा, म्हटले की समोरचा मान डोलावतो, राजाचा म्हटले की भाव उतरतो. ही समजूत वऱ्हाडात इतकी मुरली आहे की आपला जॉर्ज पंचमचा रुपया कमी भावात गेला तरी विकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. ती अर्धीच खरी आहे, आणि तिच्यापायी गरजेला घरची चांदी मोडणारी कितीतरी माणसे आजवर नाडली गेली आहेत. ती कुठून आली, हे पाहायला बरेच मागे जावे लागते.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, तोवर इथल्या बाजारात एक रुपया असा नव्हताच. निजामाचा वेगळा, नागपूरच्या भोसल्यांचा वेगळा, शिवाय ठिकठिकाणच्या टाकसाळींचे आणखी निराळे. वजन निराळे, कस निराळा, आणि एकातून दुसऱ्यात जाताना बट्टा. हा बट्टा किती, हे ठरवायचा सराफ. रयतेने फक्त द्यायचा. कंपनी सरकारने १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा रुपया ठरवला होता. आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे निव्वळ चांदी १०.६९ ग्रॅम. यंत्रावर पाडलेला, काठाला सारखे दाते असलेला हा 'कलदार' वऱ्हाडात रुळला आणि बट्ट्याची कटकट बरीच कमी झाली. तागडीत सराफ वजन म्हणून रुपयेच टाकू लागला, यावरून त्यावरचा भरवसा कळतो.

आणि हा रुपया इथे आला तो कापसापायी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचे दिवस आले. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावला आणि १८७१ मध्ये अमरावतीला खास फाटे निघाले, तेही कापसासाठीच. गाठी मुंबईला गेल्या, चांदी इकडे आली. ती पेढीत कमी आणि घरात जास्त राहिली: गोठ, कडे, तोडे झाली, नाहीतर रुपयाच राहून मडक्यात गेली. खामगावला आज रजतनगरी म्हणतात.

त्यानंतरचे एक वर्ष आपल्याकडे फारसे आठवले जात नाही, पण माझ्या मते या साऱ्या हकिकतीत सर्वांत महत्त्वाचे तेच: १८९३. तोवर कुणीही चांदी टाकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत होता, म्हणून चांदी आणि रुपया यांची किंमत बरोबरीने चाले. त्या वर्षी हर्शेल समितीच्या शिफारशीवरून सरकारने लोकांसाठी टाकसाळी बंद केल्या. जगात चांदी स्वस्त होत होती, आणि रुपयाची किंमत सरकारने टिकवून धरली. शेतसारा रुपयांत, सावकाराचे देणे रुपयांत, आणि शेतकऱ्याची शिल्लक मात्र दागिन्यांच्या चांदीत. मग १८९६-९७ चा आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. वऱ्हाडला दुसरा फार जबर बसला. बायकांच्या अंगावरचे तोडे बाजारात आले तेव्हा रुपयाभर वजनाच्या चांदीला रुपया मिळेना. तोळा तोच, कस तोच. मोल तेवढे निघून गेले होते, आणि ते का गेले हे सांगायला कुणी नव्हते.

राजांच्या रुपयांची गोष्ट त्यापुढची. एडवर्ड सातवा १९०३ पासून रुपयावर आला, कस तोच राहिला. जॉर्ज पंचमच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि पाडलेली बहुतेक नाणी बाहेर न पडता वितळवली गेली. १९१२ पासून हत्ती नीट सोंडेचा झाला. १९११ चा रुपया आजही मोडीपेक्षा बराच चढा जातो तो त्यामुळे. चांदी त्यातही बारात अकराच.

बदल झाला तो १९४० मध्ये. महायुद्ध सुरू, चांदीची ओढाताण, लोक रुपये दडवू लागलेले. सरकारने रुपयातली चांदी थेट निम्म्यावर आणली: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, उरलेल्यात निकेल आणि जस्त. वजन तेच, आकार तोच, राजाही तोच जॉर्ज सहावा. फरक काठाला. १९३९ पर्यंतच्या रुपयाच्या काठाला नुसते उभे दाते आहेत. १९४० पासूनच्या नाण्याचा काठ उजेडात धरून फिरवला तर दात्यांच्या मधोमध एक खोलगट पट्टी आणि तिच्यात बारीक नक्षी दिसते. नकली नाणी पाडणाऱ्यांना अवघड जावे म्हणून ती केली होती. जुने, भरीव चांदीचे रुपये १९४१ ते १९४३ या काळात चलनातून काढून घेतले: आधी व्हिक्टोरिया, मग एडवर्ड, शेवटी दोन्ही जॉर्ज. ज्यांनी ते परत केले नाहीत त्यांच्याकडे नाणे न राहता चांदी राहिली. १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा, मागे वाघ.

'राजाचा रुपया हलका' ही समजूत बहुधा इथूनच निघाली असावी. १९४० ते १९४५ च्या निम्म्या चांदीचा डाग सगळ्याच राजांना लागला. खरे तर एडवर्डचा, जॉर्ज पंचमचा आणि जॉर्ज सहाव्याचा १९३८-३९ चा रुपया राणीच्या रुपयाइतकाच कसदार. चेहरा पाहून भाव ठरवणे चूक. साल वाचायचे आणि काठ पाहायचा.

चांदी लाख रुपये किलो धरली तर ग्रॅमला शंभर. मग १९३९ पर्यंतच्या रुपयात १,०६९ रुपयांची चांदी, १९४० ते १९४५ च्या रुपयात ५८३ ची. झिजलेला असेल तर ११.६६ ऐवजी ११.४ भरेल, त्या मानाने कमी. सराफाने घट आणि आपला नफा धरणे रास्त आहे, पण तो कुठल्या आकड्यातून धरतो ते विकणाऱ्याला कळायला हवे. २०११ च्या एप्रिलमध्ये किलोचा भाव सत्तर हजारांपुढे गेला, २०२० च्या मार्चमध्ये चाळीस हजारांखाली घसरला, २०२४ च्या दिवाळीला लाखाला टेकला आणि पुढच्या वर्षी त्याच्याही बराच पुढे गेला. एवढ्या चढउतारात 'आमच्याकडे रुपयाला अमुक मिळतात' असे ठोकळ उत्तर ऐकून घेऊ नये. त्या दिवसाचा भाव आणि ग्रॅममधले वजन, दोन्ही विचारावे.

विकत घेणाऱ्यालाही जपावे लागते. वजनकाटा पहिला, चुंबक दुसरा, आवाज तिसरा: खरा कलदार फरशीवर खणखणतो आणि नाद रेंगाळतो, नकली बद्द वाजतो. पण नुसत्या नादावर जाऊ नये. तडा गेलेला खरा रुपयाही बद्दच बोलतो. शंका राहिली तर टंच काढून घ्यावा. १९३९ चा रुपया दुर्मिळ, म्हणून १९३८ च्या आठाचा नऊ केलेला असतो; तो आकडा भिंगाखाली पाहावा. राम दरबार किंवा हनुमान असलेली, १८१८ साल आणि कंपनीचे नाव लिहिलेली नाणी कंपनीने कधी पाडलीच नाहीत. त्यांच्यात धान्य ओढण्याची शक्ती आहे असे सांगून लाखो रुपयांना लुबाडणारे आजही फिरतात. माळेसाठी कडी डाकलेल्या किंवा चिंच लावून घासलेल्या रुपयाला संग्राहक मोडीपेक्षा जास्त देत नाही, चांदी मात्र त्यात पुरेपूर असते. म्हणून दुर्मिळ वाटणारे नाणे घासू नये, मळकेच राहू द्यावे.

संग्राहकाची किंमत ही मोडीच्या किमतीहून निराळीच गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी वऱ्हाडला थोडी तरी जाण असायला हरकत नाही. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळा इथे सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. पुढे अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्य झालेल्या वा. वि. मिराशींनी तो अभ्यासला. धातू म्हणून ती नाणी कवडीमोलाची, पण त्यांच्यावर पुराणांतही नसलेल्या राजांची नावे निघाली. मोडीत गेली असती तर ती नावेही गेली असती.

राणीच्या रुपयांतही असे वाचण्यासारखे आहे. १८६२ पासून १८७४ पर्यंत टाकसाळीने रुपयावरचे साल बदललेच नाही, १८६२ च ठेवले. सालाच्या आसपास असलेल्या बारीक ठिपक्यांची संख्या आणि जागा यांवरून मुंबईचे नाणे खरे कुठल्या वर्षीचे ते अभ्यासक ओळखतात. कापसाच्या तेजीत आणि तिच्यामागून आलेल्या मंदीत वऱ्हाडात शिरलेले रुपये नेमके या ठिपक्यांचे. भाव चढला की घरोघरचे डबे उघडतात आणि सगळे एकाच तागडीत जातात. विकायचे ते विकावेतच, गरज कुणाला चुकली नाही. पण मुशीत टाकण्याआधी प्रत्येकाचे साल, काठ आणि ठिपके पाहून घ्यायला अर्धा तास पुरतो, आणि एखादा १९११ किंवा १९३९ बाजूला निघाला तर बाकीच्या डब्याइतके पैसे तो एकटा देऊन जाऊ शकतो.